रब्बीच्या पेरणीआधी पाण्याचा हिशोब मांडा

२ ऑक्टोबरला राज्यात गावोगावी ग्रामसभा भरेल. तोवर पाऊस बहुतेक आटोपलेला असतो, विहिरी वर्षातल्या सर्वांत वरच्या पातळीला असतात, रब्बीची पेरणी तोंडावर आलेली असते आणि ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडायला अजून काही आठवडे बाकी असतात. गावाच्या पाण्याचा विचार सगळ्यांनी एकत्र बसून करायला याहून चांगला दिवस वर्षात दुसरा नाही. तो हार, फोटो आणि हजेरीच्या सह्या यांत घालवू नका, अशी हात जोडून विनंती करायला हे लिहीत आहे.

जगाचं पुढे काय होणार, ही काळजी आता घराघरांत आहे. २०२४ हे नोंदी सुरू झाल्यापासूनचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. औद्योगिक युगाच्या आधीच्या सरासरीपेक्षा त्या वर्षाचं तापमान दीड अंशाहून अधिक होतं. जळणारी जंगलं आणि बुडणारी शहरं आपण रोज पडद्यावर पाहतो, हळहळतो आणि जेवायला बसतो. एवढ्या मोठ्या संकटापुढे आपण किती पुरे पडणार, असं वाटून चांगली माणसं गप्प होत चालली आहेत. मला त्या गप्प होण्याचीच जास्त भीती वाटते. म्हणून या साऱ्या संकटांतलं एकच इथे घेतो. ते आपल्या पायाखाली आहे आणि त्याच्यापर्यंत आपला हात पोचतो. ते म्हणजे जमिनीखालचं पाणी.

जगात सर्वांत जास्त भूजल आपला देश उपसतो. अमेरिका आणि चीन मिळून जेवढं उपसतात त्याहूनही जास्त. त्यातलं बहुतेक शेतीला जातं. १९९३ ते २०१० या काळात जगभर जेवढं भूजल उपसलं गेलं, त्याने पृथ्वीचा फिरण्याचा आस सुमारे ८० सेंटिमीटर सरकला, असं २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आलं. जमिनीतून काढलेलं पाणी शेवटी समुद्राला मिळतं, वजन एका जागेहून दुसऱ्या जागी जातं आणि फिरत्या पृथ्वीचा तोल तेवढा ढळतो. या सरकण्यात वायव्य भारतातल्या उपशाचा वाटा मोठा होता. गावातल्या मोटारीचं बटण आणि पृथ्वीचा आस यांचा संबंध असा थेट आहे.

महाराष्ट्राची गत तर आणखी नाजूक. राज्याचा चार पंचमांशाहून अधिक भाग काळ्या पाषाणावर वसलेला आहे. गंगेच्या खोऱ्यात जमिनीखाली शेकडो फूट गाळ आहे आणि त्यात पाणी साठतं. आपल्याकडे वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, आणि खाली अखंड कातळ. पाणी धरून ठेवतात ते मुरमाचे थर आणि कातळातल्या भेगा. ही साठवण लहान असते. चांगल्या पावसात ती भरते आणि मनात आणलं तर दोन-तीन महिन्यांत रिकामीही होते. खोल कातळाच्या भेगांत जे थोडं पाणी सापडतं, ते कितीतरी वर्षांपूर्वी मुरलेलं असतं आणि एका पावसाळ्यात परत भरून येत नाही.

१९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसं सांगतात की तेव्हा खायला धान्य नव्हतं, मिलो आणि सुकडीवर दिवस काढले, पण प्यायला पाणी होतं. विहीर दोन परस खाली नेली की झरा लागायचा. त्यानंतरच्या दुष्काळांत उलटं झालं. रेशनच्या दुकानात धान्य असतं आणि गावाच्या वेशीवर टँकरची वाट पाहत घागरींची रांग असते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होतं, पुढे एकेका खेपेला २५ लाख लिटर जाऊ लागलं. पाणी भरण्याच्या जागी भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लावली होती. आणि त्याच हंगामात मराठवाड्यातले साखर कारखाने ऊस गाळत होते.

बोअरची गाडी आली की काय होतं, हे गावात राहिलेल्या प्रत्येकाने पाहिलं आहे. आधी पाणाड्या तळहातावर नारळ ठेवून शेतभर फिरतो आणि जागा दाखवतो. संध्याकाळी गाडी लागते आणि रात्रभर तिची घरघर चालते. करडा फुफाटा उडून शेजारच्या तुरीवर आणि बघ्यांच्या केसांवर बसतो. घरमालक दर थोड्या वेळाने तो फुफाटा मुठीत घेऊन दाबून बघतो, ओल लागते का म्हणून. दोनशे फूट झाले, तीनशे झाले. खोली वाढते तसा फुटामागचा दरही वाढतो. बायको दारात उभी असते, तिला आकडा ऐकू येत असतो. मालक म्हणतो, अजून शंभर मारा. सकाळी कोरडं भोक आणि बाजूला करड्या भुकटीचा ढीग उरतो, किंवा पाणी लागतं आणि त्याच उन्हाळ्यात शेजाऱ्याची विहीर तळाला जाते. मग शेजारी गाडी बोलावतो. एका शिवारात असे शेकडो बोअर झाले की सगळ्यांचं मिळून पाणी तेवढंच राहतं, फक्त ते काढण्याचा खर्च आणि डोक्यावरचं कर्ज वाढतं.

महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ चा. तो २०१४ पासून लागू आहे. शेतीसाठी किंवा उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल विहीर घ्यायला त्यात मनाई आहे. आजवर किती ग्रामसभांत हे कलम मोठ्याने वाचलं गेलं असेल? ते वाचा. गाडी शिवारात आल्यावर तक्रार करण्यात अर्थ नसतो. गाडी यायच्या आधी गावाने ठरवावं लागतं.

आता हिशोबाकडे येतो, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे. समजा एखाद्या गावाचं शिवार १,००० हेक्टर आहे आणि यंदा पाऊस ५०० मिलिमीटर झाला. एक हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. त्या हिशोबाने गावावर ५०० कोटी लिटर पाणी पडलं. त्यातलं बरंचसं वाफ होऊन उडालं, पिकांनी घेतलं, ओढ्याने वाहून गेलं. आपल्या खडकात मुरतं ते साधारण दहा टक्क्यांच्या आसपास, कुठे त्याहूनही कमी. म्हणजे जमिनीखाली आले ५० कोटी लिटर. गावात दीड हजार माणसं असतील, तर माणशी रोज ५५ लिटर या सरकारी मापाने वर्षाला तीन कोटी लिटर लागतात. जनावरांना एक कोटी धरा. उरले ४६ कोटी.

उसाला वर्षभरात हेक्टरी दोन कोटी लिटरच्या घरात पाणी लागतं. म्हणजे १,००० हेक्टरांच्या शिवारात फक्त २३ हेक्टर ऊस विहिरी-बोअरच्या पाण्यावर लावला, की सगळ्या गावाचं वर्षाचं पाणी संपलं. तेच पाणी हरभऱ्याला दिलं, तर हेक्टरी ३० लाख लिटर धरूनही दीडशे हेक्टर भिजतं. ठिबक केल्याने उसाचं पाणी वाचतं हे खरं, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी ऊस वाढवला तर हिशोब पुन्हा तिथेच येतो. आकडे गावागणिक बदलतील. कुणाचा पाऊस जास्त असेल, कुणाच्या ओढ्यावर बंधारे असतील, कुणाला कालव्याचं पाणी असेल. म्हणूनच हा हिशोब मुंबईत किंवा पुण्यात बसून मांडता येत नाही, ज्या त्या गावानेच मांडायचा आहे.

ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला मी दोष देत नाही. गारपिटीत उभं राहणारं, चोरीला न जाणारं आणि एफआरपीमुळे, म्हणजे कायद्याने ठरलेल्या दरामुळे, भावाची काहीतरी खात्री असलेलं ते एकच पीक आहे. हरभरा, तूर, ज्वारी हमीभावाने वेळेवर घेतली जात नाही, तोवर शेतकऱ्याला उपदेश करायचा अधिकार सरकारला नाही. पण एकाच्या खात्रीचा खर्च गावातली दुसरी माणसं भरतात, हेही तितकंच खरं आहे. शेततळ्यांचंच बघा. पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायला ती आली. आज कितीतरी शेततळ्यांना प्लास्टिकचं अस्तर आहे आणि ती बोअरच्या पाण्याने भरतात. सगळ्यांच्या जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी एकाच्या तळ्यात उघड्या उन्हात आणून ठेवलं जातं, आणि त्यातलं कितीतरी मे महिन्याच्या आत उडून जातं.

या पाण्यापायी जी माणसं भरडली जातात, त्यांच्याविषयी बोलल्याशिवाय हा हिशोब पुरा होत नाही. बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार, पाटोदा, वडवणी, धारूर या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला माणसं निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत पाच-सहा महिने फडात राबायचं, कोपीत राहायचं, एक दिवस चुकला तर खाडा कापून घ्यायचा. ज्यांच्या घरच्या रानाला पाणी नाही, ती माणसं सर्वांत तहानलेलं पीक तोडायला सातारा, सांगली, कोल्हापूर, कर्नाटकापर्यंत जातात. फडात ना आडोसा, ना धुवायला पाणी, ना पाळीच्या दिवसांत सुट्टी. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी आली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. दर सहा जणींत एक. कामाचा खाडा पडू नये म्हणून बाईला शरीराचा एक अवयव द्यावा लागतो, हे आपल्या राज्यात घडलं आहे. पर्यावरणाचा प्रश्न आणि माणसाचा प्रश्न वेगळे आहेत असं जो म्हणेल, त्याला हा आकडा सांगा.

तरीही मी निराश नाही, आणि त्याला कारणं आहेत.

पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचं काम उभं केलं. शिकलेला इंजिनिअर, स्वतःचा कारखाना असलेला माणूस, उजाड माळावर जाऊन राहिला. त्या पंचायतीचे नियम आजही वाचावेत असे आहेत. पाणी जमिनीच्या मापाने द्यायचं नाही, माणसांच्या संख्येने द्यायचं. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, आणि घर कितीही मोठं असलं तरी अडीच एकरांच्या वर नाही. ऊस लावायचा नाही. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. या शेवटच्या नियमाएवढं धाडस पाण्याच्या बाबतीत दुसऱ्या कुणी केल्याचं मला माहीत नाही. ज्याच्याकडे गुंठाभर जमीन नाही, त्याचाही गावावर पडणाऱ्या पावसात हक्क आहे, असं नायगावने मान्य केलं. तो हक्क घेऊन तो दुसऱ्याची जमीन वाट्याने करू शकत होता.

हिवरे बाजार सगळ्यांना माहीत आहे, पण बहुतेकांना तिथली हिरवळ आणि गावात परतलेली कुटुंबं आठवतात. मला तिथला पाण्याच्या हिशोबाचा फळा महत्त्वाचा वाटतो. नगर तालुक्यातलं हे गाव, पाऊस सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावाने बंधारे, चर, झाडं ही कामं तर केलीच. शिवाय शेतीसाठी बोअर घेणं बंद केलं, ऊस-केळी बंद केली, आणि पावसाळा संपला की यंदा किती पाणी आहे हे ग्रामसभेत मांडून त्यावरून रब्बीची पिकं ठरवायला सुरुवात केली. पाऊस कमी झाला, तर कुणी काय लावायचं नाही हे गाव ठरवतं. पाणी अडवण्याची कामं राज्यात हजारो गावांनी केली. त्यांतली कितीतरी दोन-चार वर्षांत पुन्हा टँकरवर आली, कारण अडवलेलं पाणी वाटायचं कसं हे कुणी ठरवलंच नव्हतं. श्रमदानाला माणसं उत्साहाने येतात, फोटो निघतात. वाटपाच्या बैठकीला मात्र भाऊबंद समोरासमोर बसतात आणि कुणाला तरी नाही म्हणावं लागतं. खरं काम तिथे आहे.

तिसरी गोष्ट शहरातल्या वाचकांची आहे. १९७२ नंतर या राज्याने मागेल त्याला काम देण्याचं ठरवलं. वि. स. पागे यांनी ती कल्पना मांडली आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. पैसा कुठून आणायचा? त्यासाठी शहरातल्या कमावत्या माणसांवर व्यवसाय कर बसला. आजही बहुतेक नोकरदारांच्या पगारातून महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, ते याच कराचे. दुष्काळी गावातल्या मजुराच्या पोटासाठी मुंबई-पुण्याच्या नोकरदाराने पगारातला हिस्सा द्यायचा, हे या राज्याने ठरवलं होतं. २००५ मध्ये देशाने केलेल्या रोजगार हमी कायद्याला त्याच कायद्याने वाट दाखवली. पुढच्या वेळी पगारपत्रक बघताना ती ओळ बघा. तुम्ही त्या गावाशी आधीच बांधलेले आहात.

आणि ज्यांना हे सगळं जगाच्या मानाने फारच छोटं वाटतं, त्यांना ओझोनची आठवण करून देतो. १९८७ साली माँट्रियलला देशांनी करार केला, ओझोनचा थर खाणारी रसायनं टप्प्याटप्प्याने बंद केली, आणि तो थर आज हळूहळू भरून येतो आहे. माणसं एकत्र येऊन नाही म्हणाली की पृथ्वी सावरते, याचा पुरावा आपल्या हयातीतला आहे.

आता काय करायचं ते सांगतो.

गावातल्या शिक्षकांनी या आठवड्यातच मुलांना घेऊन विहिरी मोजायला बाहेर पडावं. दोरीला दगड बांधायचा, मीटर-मीटरवर गाठ मारायची, काठावरून सोडायची आणि दगड पाण्याला टेकला की गाठी मोजायच्या. शिवारातल्या दहा-पंधरा विहिरी अशा मोजल्या आणि पाण्याची पातळी तारखेसह शाळेच्या भिंतीवर लिहिली, तर हिशोब निम्मा झाला. काठाजवळ मोठं माणूस हवं, आणि दोरी त्यानेच धरावी. पावसाचा आकडा मंडळाच्या पर्जन्यमापकावरून तलाठी किंवा कृषी सहायक देतील. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय प्रत्येक जिल्ह्यात आहे. वरिष्ठ भूवैज्ञानिकांना ग्रामसभेला बोलवा. अटल भूजल योजनेत राज्यातल्या १३ जिल्ह्यांतल्या कितीतरी ग्रामपंचायतींचे पाण्याचे आराखडे तयार झाले आहेत. तुमचं गाव त्यात असेल, तर ते कागद कपाटातून बाहेर काढा आणि यंदाचे आकडे त्यात भरा.

बायांनो, ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणं बंधनकारक आहे. ती घ्यायला लावा. पाणी कोण आणतं आणि किती आणतं, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही. प्यायचं पाणी आधी बाजूला काढून ठेवायचा ठराव तुमच्या सभेतून यावा. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांनाही त्या सभेत बोलवा, आणि त्यांच्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृह सुरू होणार की नाही, हे तारखेसह विचारा.

बागाईतदारांना माझं सांगणं एवढंच: तुमच्याकडे पाच बोअर असतील, तर नवा घेऊ नका आणि उसाच्या लागणीचं क्षेत्र यंदा वाढवू नका. कुणी पहिला थांबला की दुसऱ्याला थांबायला तोंड मिळतं. कारखान्यांचे अध्यक्ष आणि संचालक यांनी फडात शौचालय, पाणी आणि पाळीच्या दिवसांत विनाखाडा सुट्टी या तीन गोष्टी याच गळीत हंगामात कराव्यात. साखर विकणाऱ्याला ती तोडणाऱ्या बाईची जबाबदारी मुकादमावर ढकलता येणार नाही.

सोसायटीत राहणाऱ्यांनी आपल्या बोअरची खोली आणि रोजचा उपसा किती, हे सचिवांना विचारावं आणि गच्चीवरचं पावसाचं पाणी त्या बोअरशेजारी मुरवायची सोय पुढच्या पावसाळ्याआधी करून घ्यावी. आणि पुण्या-मुंबईत, बंगळुरूत, दुबईत किंवा न्यू जर्सीत असलेल्या, गावात अजून सातबाऱ्यावर नाव असलेल्या प्रत्येकाने आज घरी फोन करावा. देवळाच्या जीर्णोद्धाराला जशी आपण वर्गणी पाठवतो, तशी एक चौकशी पाठवा: यंदा पाण्याचा हिशोब मांडणार का? बाहेर असलेल्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाला गावात वजन असतं.

ग्रामसभेला गणपूर्ती लागते, १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतली जी संख्या कमी असेल ती. ती झाली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग चार माणसांत सगळं उरकतं. म्हणून शंभर माणसं जमवा. सभेत तीन ठराव घ्या: प्यायचं पाणी आधी राखून ठेवणं, ६० मीटरपेक्षा खोल बोअर शिवारात होऊ न देणं, आणि उरलेल्या पाण्यावर यंदा कोणती पिकं किती एकर लावायची ते ठरवणं. भूमिहीन घरांचा वाटा त्यात धरा. ठराव इतिवृत्तात शब्दशः लिहून घ्या, खाली सह्या करा, आणि त्याची प्रत भूजल यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला आणि तहसीलदारांना पाठवा.